डोळ्यातल्या दाबाचा शोध

काचबिंदू हा चोरपावलांनी येणारा रोग. बहुतेक वेळा तो दुखत नाही, खुपत नाही. नजरेच्या कडा आधी जातात आणि मधली नजर शाबूत राहते. माणूस वर्तमानपत्र नीट वाचतो, पण शेजारून आलेली सायकल त्याला दिसत नाही. गेलेली नजर पुन्हा येत नाही. भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना हा रोग असावा, असा अंदाज 2010 साली मांडला गेला होता.

उर्दू बोलणाऱ्या आमच्या घरांतून त्याला ‘काला मोतिया’ म्हणतात, आणि नावातच घोटाळा आहे. मोतिया म्हटला की तो पिकेपर्यंत थांबायचे, ही जुनी समजूत. काचबिंदू पिकत नाही. अरबीत त्याला ‘ज़रक़’, म्हणजे निळेपणा, असे नाव आहे. कोणी निळा म्हटले, कोणी काळा. डोळ्याच्या आत वाढणारा दाब कोणत्याच नावात आला नाही.

आपल्यात प्रत्येक शोध आपल्याच बुजुर्गांच्या नावावर लिहिण्याची एक हौस आहे. ती इथे उपयोगाची नाही. बगदादच्या अली इब्न ईसाने ‘तज़किरतुल कह्हालीन’मध्ये डोळ्यांचे सुमारे 130 विकार लिहून ठेवले. कैरोत अम्मार अल्‌-मौसिलीने पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत सांगितली. हे कह्हाल आपल्या काळाच्या पुढे होते, यात शंका नाही. पण दाब मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, आणि त्यानंतरही कित्येक शतके ते कोणापाशीच नव्हते.

1622 साली इंग्लंडच्या रिचर्ड बॅनिस्टरने लिहिले की अशा आंधळ्या डोळ्याला बोट लावले तर तो कठीण लागतो. पुढची अडीच शतके बोट हेच यंत्र राहिले. 1862 साली लंडनच्या विल्यम बोमनने बोटाने जाणवणाऱ्या कठीणपणाच्या पायऱ्या ठरवल्या. पण बोटागणिक उत्तर बदलणार, हे सांगायला नकोच. उघड्या बुबुळावर काही टेकवावे म्हटले तर रुग्ण डोळा मिटून घेई. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला आणि वाट मोकळी झाली. दुसऱ्याच वर्षी मॉस्कोच्या माक्लाकोव्हने रंग लावलेले एक सपाट वजन बुबुळावर टेकवले आणि उठलेला ठसा कागदावर घेतला. डोळा जितका कठीण, तितका ठसा लहान. किती साधी युक्ती! 1905 मध्ये नॉर्वेच्या शिओट्झचे उपकरण आले. रुग्णाला उताणे झोपवून ते डोळ्यावर ठेवायचे. 1950 च्या दशकात बर्नच्या हान्स गोल्डमनने बुबुळाचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते मोजले. आजही तेच माप प्रमाण मानले जाते. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब.

पण हा आकडा एका क्षणाचा. दाब दिवसभर वरखाली होतो आणि पुष्कळांचा तर रात्री, झोपलेल्या अवस्थेत वाढतो. दवाखाना मात्र दिवसा उघडा असतो. सकाळी 11 वाजता ‘ठीक आहे’ ऐकून घरी गेलेल्या माणसाच्या डोळ्यात पहाटे 3 वाजता काय चालले आहे, हे डॉक्टरला कसे कळावे? दाब आटोक्यात दिसूनही काहींची नजर का जात राहते, या कोड्याचा एक धागा इथे आहे.

1967 साली कार्टर कॉलिन्सने डोळ्याच्या आत बसवायचा चिमुकला बिनतारी दाबमापक मांडला. त्यासाठी डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागणार. 1974 मध्ये ग्रीन आणि गिलमन यांनी संवेदक थेट काँटॅक्ट लेन्समध्ये घालून पाहिला. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील संस्थेत मात्तेओ लेओनार्दी व सहकाऱ्यांनी ही कल्पना मऊ सिलिकोनमध्ये उतरवली आणि 2004 मध्ये पहिले निष्कर्ष छापले. दाब 1 मिलिमीटर पाऱ्याने वाढला की बुबुळाची त्रिज्या सुमारे 3 मायक्रॉनने बदलते. लेन्समधली बारीक धातूची पट्टी तेवढा ताण टिपते. लेन्समध्ये बॅटरी नाही. डोळ्याभोवती चिकटवलेला अँटेना तिला हवेतूनच वीज देतो आणि तिच्याकडून माहिती घेतो. दर 5 मिनिटांनी 30 सेकंद, असे 24 तास. म्हणजे एका आकड्याऐवजी 288 नोंदी, झोपेतल्याही. ‘ट्रिगरफिश’ नावाच्या या लेन्सला अमेरिकेत मार्च 2016 मध्ये परवानगी मिळाली.

गाजावाजा मात्र दुसऱ्याच लेन्सचा झाला. अश्रूंतली साखर मोजणारी गूगलची लेन्स 2014 मध्ये जाहीर झाली, वर्तमानपत्रे भरली, आणि 2018 मध्ये ते काम थांबले. अश्रूंतली साखर रक्तातल्या साखरेशी नीट जुळेना. स्विस लेन्सचे मागणे लहान होते, म्हणून ती टिकली असे आम्हाला वाटते. अर्थात तिलाही मर्यादा आहे. ती दाब पाऱ्याच्या मापात सांगत नाही, विजेच्या लहरीत चढउताराचा आलेख देते. शिखर किती वाजता आले ते कळते, किती उंच ते कळत नाही. त्यासाठी लेन्स काढल्यावर रुग्णाला पुन्हा गोल्डमनच्याच यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसावे लागते.