ब्रेकची नळी : पास्कलपासून जुन्या व्हॅनपर्यंत

ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा त्यातला नियम आपण नववी-दहावीला शिकवतो. दोन तोंडे असलेले भांडे पाण्याने भरा. एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे ठेवा. मग लहान तोंडावरचा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, असे पास्कलने लिहिले होते. पाठ्यपुस्तकात हे वाक्य कोरडे वाटते. मात्र घाट उतरणाऱ्या प्रत्येक मोटारीचा भार याच वाक्यावर असतो.

नियम कळला तरी यंत्र बनायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. 1795 साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने द्रवदाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. अडचण सिद्धान्ताची नव्हती, गळतीची होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर यायचे. शेवटी चामड्याच्या वाटीसारख्या कड्याने ते थांबले. दाब जितका वाढे, तितके हे कडे भिंतीला अधिक घट्ट चिकटे. याचे श्रेय ब्रामाचा साहाय्यक हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. द्रवदाबाचा पुढचा सारा इतिहास म्हणजे गळती कशी रोखावी याचाच इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक लोखंडी दांडे आणि तारा ओढून लागत. चारही चाकांना सारखा ताण देणे फार जिकिरीचे होते. त्यातून पुढची चाके वळतात आणि खड्ड्यात वरखाली होतात. त्यांच्यापर्यंत दांडा न्यायचा कसा? द्रवाला ही अडचण नसते, कारण नळी वाकडी असली तरी दाब तोच राहतो. माल्कम लॉकहीड या अमेरिकी तंत्रज्ञाने ही कल्पना मोटारीत आणली. 1921 साली त्याच तत्त्वाचे ब्रेक बसवलेल्या ड्यूसेनबर्ग गाडीने फ्रान्समधली ग्रां प्री शर्यत जिंकली. 1924 साली क्रायस्लर कंपनीने चामड्याच्या जागी रबराच्या वाट्या वापरून हे ब्रेक सामान्य ग्राहकाच्या गाडीत आणले. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. म्हणून त्या काळी ब्रेकच्या द्रवात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत.

आता थोडे गणित करू. पायाने 30 किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर 150 होतात. मास्टर सिलिंडरचे क्षेत्रफळ 3 चौरस सेंटिमीटर असेल, तर नळीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला 50 किलोग्रॅम होतो. मोटारीच्या टायरमधला दाब साधारण 2 असतो. म्हणजे बोटापेक्षा बारीक, पावणेपाच मिलिमीटर बाह्यव्यासाच्या नळीत टायरच्या पंचवीसपट दाब! तोही दररोज शेकडो वेळा चढायचा आणि उतरायचा.

ही नळी कशाची करावी? आधी तांब्याची केली. तांबे गंजत नाही आणि सहज वाकते. पण गाडीच्या सततच्या थरथरीने ते थकते आणि त्याला भेगा पडतात. म्हणून पोलाद आले. पोलादाच्या पट्टीवर तांब्याचा मुलामा द्यायचा, ती दोनदा गुंडाळून नळी करायची आणि भट्टीत तापवून तांब्यानेच सांधायची, अशी ही दुपदरी नळी. डेट्रॉइटच्या हॅरी बंडीच्या नावाने ती ओळखली जाते. ती मजबूत असते, पण बाहेरून गंजते. थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने होते. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या 1999 ते 2003 या काळातल्या गाड्यांच्या नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारींची सरकारी चौकशी झाली. ती 2015 साली संपली, तेव्हा मालकांना गाडीचा तळ धुऊन तपासत राहण्याचा सल्ला देण्यात आला.

फोक्सवॅगनची ‘टाइप 2’ व्हॅन हे याचे बोलके उदाहरण आहे. 1950 साली जर्मनीत तिचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा चारही चाके एकाच द्रवमंडलावर होती. इथे पास्कलच्या नियमाची दुसरी बाजू दिसते. दाब सर्वत्र सारखा, याचा अर्थ एका ठिकाणी नळी फुटली की सर्वत्र सारखाच शून्य! पुढे पुढच्या आणि मागच्या चाकांची मंडले वेगळी झाली. 1967 साली आलेल्या नव्या बांधणीच्या व्हॅनमध्ये ही दुहेरी रचना होती. अमेरिकेत 1968 पासून नव्या मोटारींना ती कायद्यानेच आवश्यक ठरली.

आजही अनेक हौशी लोक या व्हॅन जपतात. त्यांच्या जुन्या पोलादी नळ्या काढून तांबे-निकेलच्या नळ्या घालतात. या मिश्रधातूत सुमारे 10 टक्के निकेल आणि थोडे लोखंड असते. त्यामुळे तो तांब्यासारखा वाकतो, पण त्याच्याइतका लवकर थकत नाही आणि मिठालाही दाद देत नाही. चाकांजवळच्या लवचीक रबरी नळ्याही बदलाव्या लागतात. त्या वरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगून मार्ग अडवतात. मग पेडल सोडले तरी ब्रेक सुटत नाही. शेवटी द्रव भरून हवा काढायची. सुरुवात सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने करतात.

हवा का काढायची, हे वर्गात दाखवता येते. 5 आणि 20 मिलिलिटरच्या दोन सिरिंज सलाइनच्या नळीने जोडा आणि त्यांत पाणी भरा. लहान दट्ट्या दाबताच मोठा हलतो. अंगठ्याने मोठा अडवून धरला, तर लहानही जागचा हलत नाही. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा घ्या. मोठा अडवलेला असूनही लहान दट्ट्या आत जाईल, कारण हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. ब्रेकमध्ये हा बुडबुडा उष्णतेनेही तयार होतो. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. ‘डॉट 3’ प्रकारचा कोरडा द्रव निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अट आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा 140 अंशांवर येते. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकने द्रव उकळला, तर पेडल पायाखाली मऊ होऊन खाली जाते. म्हणून नळी नवी असली तरी द्रव ठरावीक काळाने बदलावाच लागतो.

या व्हॅनचे उत्पादन ब्राझीलमध्ये डिसेंबर 2013 पर्यंत चालू होते. तिथे 2014 पासून नव्या गाड्यांना एअरबॅग आणि चाके जखडू न देणारी ब्रेकरचना सक्तीची झाली. ती या जुन्या सांगाड्यात बसवणे शक्य नव्हते, आणि व्हॅनची वाटचाल थांबली. ज्या गाड्या उरल्या आहेत, त्यांच्या तळाशी मात्र पास्कलचा नियम अजून काम करतो आहे. नियमाला वय नसते, नळीला असते.