शाफ्टच्या गल्लीचं कुलूप

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव-मलकापूरकडे, "जिन" म्हटलं की कोणाला दारू आठवत नाही. आठवतो तो कापसाचा कारखाना. 1870 मध्ये जलंब-खामगाव हा छोटासा रेल्वे फाटा सुरू झाला, तोही कापसाच्या बाजारासाठीच. मागोमाग वाफेच्या इंजिनावरचे जिन-प्रेस आले.

आता आतली रचना डोळ्यासमोर आणा. रेच्यात चामड्याचा रोलर फिरतो, रुई एकीकडे निघते, सरकी खाली पडते. असे ओळीने रेचे, आणि सगळे एकाच लांब शाफ्टवर पट्ट्यांनी जोडलेले. बऱ्याच जिनांत हा शाफ्ट फरशीच्या खाली, एका अंधाऱ्या गल्लीत असायचा. सरकी काढायला, तेल द्यायला, झाडायला माणूस तिथेच उतरणार. आणि एका रेच्यासाठी शाफ्ट थांबवायचा म्हणजे अख्खी ओळ बंद! हंगाम मोजक्या महिन्यांचा, बाहेर बैलगाड्या उभ्या. मग काय, चालू शाफ्टखालीच काम. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर एकदा गुंडाळला गेला की ओढून काढायला वेळच नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले चालू सिस्टीमवर दुरुस्ती करतो आणि "झिरो डाऊनटाइम" म्हणून मिरवतो. आमची चूक झाली तर रोलबॅक मारता येतो. बोटाला रोलबॅक नसतो.

बरं, कायदा कुठे होता? ब्रिटिश हिंदुस्तानातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा. तो लागू कोणाला? 100 किंवा जास्त कामगार आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणारा कारखाना. म्हणजे हंगामी जिन अलगद बाहेर! ही पळवाट बुजली ती थेट 1911 च्या कायद्यात. तीस वर्षं.

मग आला 1923 चा कामगार भरपाई कायदा, 1 जुलै 1924 पासून लागू. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे, तो वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची क्षमता 70 टक्के गेली. डावा गेला तर 60. एक डोळा 30, अंगठा 25, तर्जनी 10. बाकीचं कुठलंही बोट 5. पूर्ण कायमच्या अपंगत्वाला 42 महिन्यांचा पगार, तोही जास्तीत जास्त 3500 रुपये. गणित तुम्हीच करा: तर्जनीचे सव्वाचार महिनेसुद्धा भरत नाहीत. सरकी उपसणाऱ्या बाईची तर्जनी गेली, तर पुढच्या हंगामात तिला कामावर कोण घेणार, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. तरी हेही खरं, की त्याआधी मालकाच्या मर्जीवर होतं. आता निदान हक्काने मागता येत होतं.

1948 च्या फॅक्टरी कायद्याचं कलम 22 मात्र कोणीतरी शाफ्टजवळ उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. चालू यंत्र तपासायचं किंवा त्याला तेल द्यायचंच असेल, तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुषानेच. त्याचं नाव रजिस्टरमध्ये हवं होतं, अंगात घट्ट कपडे हवे होते, आणि तेही कारखान्यानेच द्यायचे होते. शिडी लावली तर ती पक्की बांधलेली, नाहीतर दुसऱ्याने धरलेली. चालू ट्रान्समिशनची साफसफाई किंवा त्याला तेल देणं स्त्रियांना मनाईच होती.

आणि आपल्या त्या अंधाऱ्या गल्लीसाठी महाराष्ट्राच्या फॅक्टरी नियमांत वेगळी तरतूद आली: जमिनीखालच्या शाफ्टला सलग भिंत किंवा चढता न येणारं कुंपण, सरकी काढायला आणि तेल द्यायला लागतील तेवढीच दारं, आणि दारं बंद. नुसती लोटलेली नाहीत, कुलूप लावून बंद.

आता प्रश्न एकच: किल्ली कोणाकडे? जो खाली उतरणार त्याच्या खिशात, की वर इंजिन सुरू करणाऱ्याच्या? आजच्या जिनात इंजिन गेलं, मोटर आली, स्विच दुसऱ्या टोकाला. रोलरचं चामडं बदलणारा आत वाकलेला असतो आणि कोणीतरी लांबून ओरडतं, "झालं का? चालू करू?"

तुमच्या घरात कोणी जिनात काम केलं असेल, तर ते खाली उतरायचे तेव्हा किल्ली कोणाकडे असायची हे विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.