पटाशीच्या दातांतील असामान्य मूळनलिका आणि दंतप्रतिमांकन

पटाशीच्या दातांना (कृंतकांना) एक मूळ आणि एकच नलिका असते, हा सर्वसाधारण समज वरच्या दातांबाबत बहुधा खरा ठरतो. खालच्या दातांबाबत मात्र तो अनेकदा फसतो. फ्रँक व्हर्टुची यांनी १९८४ मध्ये नलिकांचे आठ प्रकार मांडले. त्यांच्या पाहणीत खालच्या मधल्या कृंतकांपैकी सुमारे ३० टक्क्यांत नलिका दुभागलेली आढळली. दुसरी नलिका जिभेच्या बाजूला, दंतिनाच्या कंगोऱ्याआड दडते. ती साफ न झाल्यास रूट कॅनॉल करूनही संसर्ग टिकून राहतो. वरच्या जबड्यातील पार्श्व (मधल्याशेजारच्या) कृंतकात वेगळीच विकृती दिसते: दात घडतानाच दंतवल्क आत दुमडून ‘दातात दात’ तयार होतो. ओलर्स यांनी १९५७ मध्ये तिचे तीन प्रकार केले.

सरळ घेतलेल्या क्ष-किरण चित्रात दोन नलिका एकामागे एक येऊन एकच भासतात. क्ष-किरण यंत्राची नळी १५-२० अंश बाजूला सरकवून दुसरे चित्र घेतल्यास त्या सुट्या दिसतात. नळीच्या दिशेनेच सरकते ती जिभेकडची. ठळक नलिका मध्येच पुसट झाली तरी दुभागणीचा संशय घ्यावा. कोन बीम सीटी त्रिमितीय छेद दाखवते, पण किरणांची मात्रा जास्त असल्याने ती सरसकट वापरू नये. जुन्नर-आंबेगावात, नारायणगाव किंवा मंचरच्या एखाद्या दवाखान्यात ती नसली, तरी तिरक्या चित्रावर बरेच भागते. अशा दवाखान्यांतील क्ष-किरण यंत्रांवर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे (स्थापना १९८३) नियंत्रण असते.