‘कानडा’ म्हणजे कोणाचा?

सज्जनहो, आज कीर्तनाला घेतलेली ज्ञानोबारायांची विराणी तुम्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. कोणाला हरिपाठाच्या वहीतून पाठ, तर कोणाला आशाताईंच्या आवाजात, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत ऐकून पाठ. म्हणून ती इथं पुन्हा छापत नाही. तिच्यातला एकच शब्द घेऊन बसू. तो शब्द म्हणजे ‘कानडा’. माउलींनी आपल्या पांडुरंगाला कानडा म्हटलं आहे, आणि त्याला लागूनच करनाटक म्हटलं आहे. याचा अर्थ काय घ्यायचा?

प्रश्न साधा दिसतो, पण या एका शब्दापायी माझ्या हातून एक अपराध घडला. तो आधी सांगतो, मग अर्थाकडे वळू.

पस्तिशीतली गोष्ट. चार लोक महाराज म्हणायला लागले की अंगात वारं भरतं, तसं माझं झालं होतं. सोलापूरच्या बाजूला, सीमेजवळच्या एका गावात एकादशीचं कीर्तन होतं. हीच विराणी घेतली. भर सभेत हात वर करून सांगितलं, “कानडा म्हणजे कर्नाटकातला नव्हे! असा अर्थ लावणाऱ्याला अभंग कळलाच नाही. कानडा म्हणजे अगम्य. माझा विठ्ठल मराठी मातीचा!” टाळ्या पडल्या. टाळी वाईट असते, माउली. ती पडली की आपण खरं बोललो असं वाटायला लागतं.

कीर्तन संपलं, प्रसाद वाटून झाला. एक म्हातारे वारकरी पुढं आले. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर घोंगडी. पाया पडले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, “महाराज, आम्ही विजापूरकडचे. आजोबापासून वारी आहे. देव आमचा पण आहे म्हटलं, तर तुमचा कमी होतो काय?”

मला उत्तर आलं नाही. ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. विचारलं आणि निघून गेले. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

आळंदीला आमच्या गुरुबाबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, तू अर्थ खोटा नाही सांगितलास. अर्धा सांगितलास. आणि अर्धा अर्थ फार मोठ्यानं सांगितलास.”

त्या उरलेल्या अर्ध्याचा शोध मी पुढं बरीच वर्षं घेतला. तोच तुमच्यापुढं ठेवतो.

आधी इतिहास. पंढरीच्या देवळात तुम्ही जाता, तिथल्या चौऱ्यांशीच्या शिळेला लोक पाठ घासत आले. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून ना? त्या शिळेवर लेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवळाला ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्यात देवगिरीचा राजा रामदेवराव यादव आहे, हेमाद्रीपंत आहेत. माउलींचा जन्म परंपरेनं शके ११९७ चा मानतात. म्हणजे शिळेवर टाकी चालू होती, तेव्हाच माउली पाळण्यात होते.

पण त्याच देवळात याहून जुना एक लेख आहे. एका दगडी तुळईवर कोरलेला, शके ११५९ चा, म्हणजे इसवी सन १२३७ चा. भाषा संस्कृत आणि कानडी. दान देणारा राजा होयसळ घराण्यातला सोमेश्वर, कर्नाटकातला. गावाचं नावही त्यात कानडी वळणानं येतं. आता हिशेब करा. १२३७ पासून माउलींच्या जन्मापर्यंत किती वर्षं झाली? अडतीस. एका माणसाच्या आठवणीतला काळ. माउली पंढरीला आले तेव्हा कानडी राजानं देवाला दान दिल्याचं सांगणारी म्हातारी माणसं त्या वाळवंटात जिवंत असणार. शिवाय देवगिरीच्या यादवांचे स्वतःचे कितीतरी शिलालेख कानडीत आहेत. तेव्हा आजच्यासारखी नकाशावर रेघ नव्हती. भीमेच्या काठी दोन्ही भाषा एका पाणवठ्यावर भरत होत्या.

पुढं बघा. कर्नाटकात हरिदासांची मोठी परंपरा झाली. पुरंदरदास आपल्या पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा घालतात. विजयदासांची मुद्रा ‘विजय विठ्ठल’, जगन्नाथदासांची ‘जगन्नाथ विठ्ठल’. आपल्याकडं अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं, त्यांच्याकडं देवाचंच नाव येतं, आणि ते नाव विठ्ठल! हंपीला विठ्ठलाचं केवढं मोठं देऊळ आहे, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. आपल्या परंपरेत कथा आहे की विजयनगरच्या राजानं पंढरीची मूर्ती नेली आणि नाथबाबांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती परत आणली. म्हणजे आपली कथासुद्धा सांगते की देव तिकडं राहून आला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ लिहिला तो याच शोधातून. ग्रंथाचं नावच पुरेसं बोलकं आहे.

तर कानडा या शब्दाचा पहिला, सरळ अर्थ कर्नाटकाचा. शास्त्रात याला अभिधा म्हणतात. तो मी त्या रात्री नाकारला होता.

आता दुसरा अर्थ. जुन्या मराठीत ‘कानडा’ म्हणजे कळायला अवघड, गूढ, असाही अर्थ होता. आणि करनाटक या शब्दाची फोड आमची जुनी मंडळी ‘नाटक करणारा’ अशी करतात. ज्याच्या लीलेचा पत्ता लागत नाही, असा नाटकी. फोड गोड आहे. पण नुसत्या फोडीवर सगळा भार टाकू नका. शब्द फोडायला बसलं तर कशातूनही काहीही निघतं. मग गूढ हा अर्थ इथं खरा कशावरून?

गुरुबाबांनी आम्हाला मीमांसेतली सहा लक्षणं शिकवली होती. तात्पर्य ठरवायचं असेल तर उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती पाहायची. नावं ऐकून घाबरू नका, तुम्ही रोज तेच करता. घरी पत्र आलं की सुरुवात काय, शेवट काय, पुन्हा पुन्हा कशाचा उल्लेख आहे, नवीन बातमी कोणती, हाती काय येणार, कौतुकापुरतं काय लिहिलंय, आणि हे सगळं पटतंय का, हे पाहतोच ना आपण? तेच सहा.

लावा विराणीला. उपक्रमात देवाच्या तेजाचं वर्णन आहे, रत्नासारखं झळकणारं, डोळ्यांना दिसणारं. उपसंहारात दिसणं आहे, पण ते अंतरातलं आहे. डोळ्यांनी सुरू झालेली गोष्ट हृदयात संपते. मध्ये अभ्यास, म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. ती विरहिणी पाया पडायला वाकते, तर पाऊलच सापडत नाही. समोर उभी राहते, तर देवाचं तोंड कुठं आणि पाठ कुठं हेच कळत नाही. मिठी मारायला जाते, तर दुसरं कोणी नाहीच, आपली आपणच उरते. शब्दानं बोलू जावं, तर तिथं शब्द चालत नाही. अपूर्वता हीच, की भेट झाली आणि भेटणारा वेगळा उरला नाही. फल म्हणजे आतला अनुभव. रूपाची स्तुती हा अर्थवाद. आणि उपपत्ती म्हणाल, तर जो सगळीकडं भरला आहे त्याची पाठ कुठल्या बाजूला असणार? साही साक्षीदार एकच सांगतात, की हा कळण्यापलीकडचा आहे. तेव्हा कानडा म्हणजे अगम्य हा अर्थ पक्का.

मग पहिला अर्थ टाकायचा का? इथंच माझी चूक झाली होती. सांगा बरं, ‘कानडा’ या शब्दाला ‘न कळणारा’ हा अर्थ आला कुठून? शेजारची कानडी बोली मराठी माणसाला कळेना, म्हणून! दुसरा अर्थ पहिल्याच्या पोटी जन्माला आला. आई काढून टाकली तर लेकरू कुणाचं म्हणायचं?

तुकोबारायांच्या गाथेत एक अभंग आहे. कानडी बायको, मराठी नवरा. एकाचं बोलणं दुसऱ्याला समजत नाही. तिनं आपल्या भाषेत जवळ बोलावलं, त्याला भलतंच ऐकू आलं आणि तो पळाला. घरात हसायला होईल अशी गोष्ट. पण तुकोबा तिथून देवाकडं वळतात आणि म्हणतात, माझं-तुझं असं होऊ देऊ नकोस. तुकोबांच्या काळीही हे दोन भाषांचं घर लोकांच्या ओळखीचं होतं, म्हणून तर हा दृष्टांत चालला. आणि नीट पाहा, त्यात बायको परकी नाही. ती घरातलीच आहे, बोलावते आहे, ते प्रेमानंच बोलावते आहे. कमी आहे ती ऐकणाऱ्याच्या कानात.

आता माउलींकडं परत या. देव कानडा, म्हणजे शेजारच्या भाषेत बोलणारा. उंबऱ्याशी उभा आहे, आपल्यावर माया आहे, काहीतरी सांगतो आहे, पण आपल्याला ते कळत नाही. दोन्ही अर्थ एकत्र धरले तरच हे चित्र उभं राहतं. नुसता कर्नाटकाचा म्हटलं तर उरतो भूगोल. नुसता अगम्य म्हटलं तर देव इतका दूर जातो की त्याला मिठी मारायला कोणी धावणारच नाही. श्लेषात दोन्ही पाय टेकलेले लागतात. एक उचलला की शब्द लंगडतो.

म्हणून अवघड शब्द आला तर माझी एवढी विनंती आहे. आधी पाठ नीट आहे का ते पाहा. नाथबाबांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत केली ती याच काळजीनं. मग सरळ अर्थ घ्या, मग खोल अर्थ घ्या. खोल अर्थ मिळाला म्हणून सरळ अर्थाला धक्का देऊन बाहेर काढू नका. आणि अर्थ सांगताना आपल्या समोर कोण बसलंय ते बघा. आपल्या अर्थानं कोणाचा देव हिरावला जात असेल, तर थांबा, पोथी पुन्हा उघडा.

ते विजापूरकडचे बाबा मला परत भेटले नाहीत. दर आषाढीला मी वाळवंटात कानडी भजन चाललं असेल तिथं जाऊन बसतो. शब्द फारसे कळत नाहीत. मध्येच ‘विठ्ठल’ येतं, तेवढं कळतं. त्या वेळी वाटतं, माउलींना हा शब्द असाच कुठंतरी ऐकताना सुचला असेल का? माझा आपला एक भाव आहे, पुरावा म्हणून सांगत नाही.

या वारीला तुमच्या शेजारी कानडी बोलणारा वारकरी बसला, तर त्याला जागा द्या. तो काय म्हणतो ते कळलं नाही तरी टाळ एकच आहे. आणि त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं विचारलं, देव आमचाही ना? तर माझ्या वतीनं हो म्हणा. ते उत्तर माझ्याकडून द्यायचं राहिलं आहे.

रामकृष्ण हरी.