सगळ्यात मागे उभं राहणारं वाद्य: अमेरिकेतला डबल बेस आणि नाच



अमेरिकेतल्या शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या सुमाराला मुलांकडून घरी एक कागद येतो: ऑर्केस्ट्रासाठी वाद्य निवडा. आपल्या घरांत बहुतेक वेळा व्हायोलिनवर खूण होते, फार तर चेलोवर. डबल बेसवर क्वचितच. कारणं व्यवहाराची आहेत. हे वाद्य मोठ्या माणसाहूनही उंच. गाडीच्या मागच्या सीटा पाडल्याशिवाय ते आत जात नाही. आणि कार्यक्रमात ते वाजवणारं मूल सगळ्यात मागे उभं राहतं, फोटोत दिसतच नाही.

आजच्या भागात या मागे उभ्या राहणाऱ्या वाद्याचा इतिहास सांगतो. तो नाचाशी फार घट्ट बांधलेला आहे, आणि शेवटी तो आपल्या गणेशोत्सवाच्या स्टेजपर्यंत येतो.

आधी वाद्याची ओळख. डबल बेसला बहुधा चार तारा असतात आणि त्या एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावतात, म्हणजे एका तारेला सा धरलं की तिच्या वरची तार मध्यम. सगळ्यात खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. इतका खर्ज कानाला जेवढा ऐकू येतो, तेवढाच अंगाला जाणवतो. वाद्याच्या तळाशी एक दांडी असते, ती जमिनीवर टेकते. त्यामुळे लाकडी स्टेज असेल तर कंपनं फळ्यांमध्ये उतरतात. नर्तकाच्या तळव्यांना ती कळतात. नाचाशी या वाद्याचं नातं जुळतं ते असं, थेट पायांपासून.

अमेरिकेत हे नातं नाचघरांत वाढलं. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडमध्ये बेसवाले तार ओढून लाकडावर आपटायचे, म्हणजे एकाच फटक्यात स्वर आणि ताल. मायक्रोफोन नसलेल्या दिवसांत गर्दीच्या आवाजातून नाचणाऱ्यांपर्यंत ठेका पोचवायला ते लागायचंच. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम सुरू झालं. तिथे लिंडी हॉप नाचणाऱ्या जोड्यांना पाय टाकायला सरळ, सलग ठेका हवा होता. वॉल्टर पेजसारख्या बेसवाल्यांनी तो दिला: दर मात्रेला एक स्वर, चालत्या माणसाच्या पावलांसारखा. त्याला नावही तसंच पडलं, वॉकिंग बेस.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा बॅकएंड. नीट चालू असतो तोवर कोणी त्याचं नाव घेत नाही, बंद पडला की सगळे मागे वळून बघतात.

हे वाद्य पुढे येऊन बोलू शकतं, हे दाखवलं जिमी ब्लँटन नावाच्या तरुणाने. १९३९ मध्ये तो ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आला. १९४० मध्ये एलिंग्टनने त्याच्यासोबत फक्त पियानो आणि बेस अशी ध्वनिमुद्रणं केली. त्यात बेस नुसता ठेका धरत नाही, गातो. ब्लँटन १९४२ मध्ये क्षयाने गेला. वय अवघं २३. पण तीन वर्षांत त्याने पुढच्या सगळ्या बेसवाल्यांची वाट मोकळी केली.

त्या वाटेवरचं सगळ्यात मोठं नाव चार्ल्स मिंगस. जन्म १९२२, ॲरिझोनातल्या नोगालेसचा, वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. लहानपणी तो चेलो वाजवायचा. बडी कॉलेट या मित्राने त्याला समजावलं, की काळ्या माणसाला शास्त्रीय ऑर्केस्ट्रात कोणी घेणार नाही, तू बेस शिक आणि आमच्या बँडमध्ये ये. म्हणजे ज्याच्या हातात पुढे हे वाद्य सगळ्यात बोलकं झालं, तो त्याच्याकडे आला एक दार बंद असल्यामुळे. शिकायचंच तर पक्कं, म्हणून त्याने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या हर्मन राइन्सहागेन यांच्याकडे कित्येक वर्षं तालीम घेतली.

२० जानेवारी १९६३ या दिवशी मिंगसने ११ वादकांना घेऊन ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ ध्वनिमुद्रित केली. ही रचना एकट्या बेसची नाही, पण ती एका बेसवाल्याने नाचासाठी बांधली आहे. तिच्या भागांची नावंच एकटा नर्तक, दोघांचा नाच, समूह अशा अर्थाची आहेत. स्टेजवर मिंगसच्या संगीताला नाच मिळाला १९७१ मध्ये. ॲल्विन एली यांनी जॉफ्री बॅलेसाठी ‘द मिंगस डान्सेस’ बसवलं.

या ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोन वाजवणारा चार्ली मारियानो पुढे दक्षिण भारतात जाऊन नादस्वरम शिकला. आणि स्वतः मिंगस? १९७९ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने तो मेक्सिकोत गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या पत्नीने, सू मिंगस यांनी, त्याच्या अस्थी भारतात नेऊन गंगेत सोडल्या.

आता प्रश्न असा, की एकटा बेस, सोबत दुसरं काहीच नाही, एका नर्तकाला पुरतो का?

त्याचं उत्तर बॅरी फिलिप्सच्या आयुष्यात सापडतं. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, १९३४. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनच्या एका चर्चमध्ये तो एकट्याने बेस वाजवत होता. मॅक्स शूबेल नावाच्या अमेरिकन संगीतकाराला इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी कच्चा माल म्हणून ते आवाज हवे होते. मुद्रण ऐकल्यावर शूबेलने ठरवलं, की याला काही करायची गरज नाही, हे असंच पुरेसं आहे. ‘जर्नल व्हायोलोन’ या नावाने ते अमेरिकेत निघालं. फक्त डबल बेसच्या उत्स्फूर्त वादनाची ही पहिली तबकडी समजतात. पुढे फिलिप्स फ्रान्समध्ये राहिला आणि १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये कॅरोलिन कार्लसन या कॅलिफोर्नियाच्याच नर्तिकेबरोबर त्याने काम केलं. २०२४ च्या डिसेंबरात तो ९० व्या वर्षी गेला. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत आपले झाकीरभाईही गेले.

नाचासाठी संगीत बांधायच्या अमेरिकेत तीन पद्धती दिसतात. पहिली लुई हॉर्स्टची. मार्था ग्रॅहॅमचं १९३१ चं ‘प्रिमिटिव्ह मिस्टरीज’ आधी नाच म्हणून बसलं, आणि हॉर्स्टने त्यावर मागाहून संगीत लिहिलं. दुसरी जॉन केज आणि मर्स कनिंगहॅमची. नाच वेगळा, संगीत वेगळं, दोन्ही एकाच वेळी घडतात इतकंच. तिसरी पद्धत समोरासमोरची. वादक नर्तकाकडे बघतो, नर्तक वादकाला ऐकतो, आणि रचना तिथेच उभी राहते. एकट्या बेसला ही तिसरी पद्धत विशेष मानवते. न्यूयॉर्कमध्ये विल्यम पार्कर हा बेसवादक आणि त्याची पत्नी, नर्तिका पॅट्रिशिया निकल्सन, अनेक वर्षं असं काम करत आले आहेत. निकल्सनने १९९६ मध्ये सुरू केलेल्या व्हिजन फेस्टिव्हलमध्ये संगीताइतकंच नाचालाही स्थान असतं.

बेसला हे जमतं, कारण त्याच्याकडे दोन स्वभाव आहेत. बोटाने तार छेडली तर डग्ग्यासारखा गोल ठोका येतो. गज फिरवला तर न तुटणारा लांब स्वर मिळतो. तार दाबून न धरता नुसतं बोट टेकवलं तर बासरीसारखा बारीक आवाज निघतो. लाकडावर थाप मारली तर निव्वळ ताल. नर्तक उडी घेतो तेव्हा वादक थांबू शकतो, आणि पाय जमिनीला लागायच्या क्षणी खर्ज देऊ शकतो. ध्वनिफीत हे करू शकत नाही. तिला नर्तक दिसत नाही.

श्रोतेहो, आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कथ्थकमध्ये सारंगी किंवा हार्मोनियमवर लेहरा धरतात. एका आवर्तनाची तीच चाल पुन्हा पुन्हा. तबलजी आणि नर्तकी कितीही लांबची तिहाई घेवोत, सम कुठे आहे ते लेहरा सांगत राहतो. लेहरा धरणाऱ्याला टाळ्या कमी मिळतात, पण तो चुकला तर सगळ्यांची सम चुकते. १९३२-३३ च्या हंगामात उदयशंकर यांची मंडळी अमेरिकेत आली, तेव्हा त्यांच्या संगीताची बाजू सांभाळणाऱ्यांत विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराली होते. वादक नर्तकांच्या मागेच स्टेजवर बसायचे. आपला नाच या देशात आला तेव्हा तो जिवंत संगीत सोबत घेऊन आला होता.

आज आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत काय होतं? मुलं तीन महिने तालीम करतात, छान नाचतात, आणि संगीत येतं लॅपटॉपमधून. त्याची कारणं मला मान्य आहेत. वेळ नसतो, वादक मिळत नाहीत, साउंड चेकला दहा मिनिटं असतात. पण त्याची किंमतही आहे. फितीवर नाचणारं मूल मोजायला शिकतं. वादकाबरोबर नाचणारं मूल ऐकायला आणि वाट बघायला शिकतं. शिवाय, शाळेत वाद्य शिकणाऱ्या आपल्याच मुलांना आपल्याच कार्यक्रमात काही काम उरत नाही. त्यांचं वाद्य ‘तिकडचं’ ठरतं.

म्हणून एक सूचना. यंदाच्या गणेशोत्सवात एकच नाच असा ठेवून बघा: तीन मिनिटांचा, एक नाचणारी, आणि एक डबल बेस किंवा चेलो वाजवणारं मूल. तीनतालाच्या १६ मात्रांचा साधा लेहरा कोणीही गुरू शिकवू शकेल. कथ्थकच्या ताईंना आणि शाळेच्या ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना एकदा बोलायला लावा. वाद्य स्टेजच्या मागे नको, मध्ये ठेवा, आणि नाचणारीला ते दिसेल असं ठेवा. माइकची गरजही कदाचित लागणार नाही.

पहिल्या खेपेला सम चुकेल. तालमीत चुकू द्या. दोघंही एकमेकांकडे बघतील आणि पुन्हा सुरू करतील. फितीबरोबर ती सोय नसते.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.