पुन्हा मूळपदावर

बोलणारा वाट सोडून भलतीकडे निघाला, की त्याला माघारी बोलावण्यासाठी प्रत्येक भाषा आपले शब्द घडवते. मराठीत 'मूळपदावर या' असे म्हणतात. दृष्टांतामागून दृष्टांत देत दूर गेलेले बुवा शेवटी निरूपणाच्या अभंगाकडे कसे वळतात, हे ज्याने ऐकले आहे, त्याला या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. इंग्रजीने ही सामग्री ठिकठिकाणांहून गोळा केली. 'डायग्रेशन' या शब्दाच्या लॅटिन मुळात पाऊल बाजूला टाकण्याची कल्पना आहे. 'टँजंट'वर निघून जाणे हे भूमितीतील स्पर्शरेषेवरून आले. वर्तुळाला एका बिंदूत स्पर्शून गेलेली ती रेषा पुन्हा वळत नाही.

परतण्याचा सर्वांत मौजेचा इंग्रजी प्रयोग मात्र 'आपल्या मटनाकडे परतू या' असा आहे. त्याचे मूळ पंधराव्या शतकातील एका फ्रेंच प्रहसनात आहे. एक कापडव्यापारी मेंढ्या मारल्याबद्दल आपल्या मेंढपाळावर फिर्याद करतो. न्यायालयात पाहतो तो काय, मेंढपाळाचा वकील म्हणून पातलँ उभा! याच पातलँने त्याचे कापड दाम न देता लांबवलेले असते. व्यापाऱ्याची जीभ मेंढ्यांवरून कापडावर आणि कापडावरून मेंढ्यांवर घसरू लागते. न्यायाधीश वैतागून त्याला मेंढ्यांकडे परत यायला सांगतो. फ्रेंच भाषेत मेंढी आणि तिचे मांस यांना शब्द एकच. आजच्या इंग्रजीत 'मटन' म्हणजे केवळ मांस. म्हणून इंग्रजांच्या तोंडी हा प्रयोग अधिकच विनोदी झाला.

हसण्याच्या भरात एक गोष्ट मात्र नजरेआड होते. व्यापाऱ्याचे कापड खरोखरच गेले होते. न्यायाधीशाला जे विषयांतर वाटले, तीही त्या बिचाऱ्याची खरीच फिर्याद होती.

हाच पेच १८ सप्टेंबर १९४९ रोजी दिल्लीत, संविधान सभेपुढे उभा राहिला. देशाचे नाव सांगणाऱ्या पहिल्या अनुच्छेदावर चर्चा चालू होती. 'इंडिया, म्हणजेच भारत' हा पाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांना 'भारत' हे नाव आधी हवे होते. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाचा आधार घेऊन ते या नावाच्या प्राचीन उगमाकडे वळले. तेव्हा हे सारे सांगण्याची आवश्यकता काय, असा प्रश्न आंबेडकरांनी केला. वेळ थोडा आहे, काही प्रमाण राखले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. सभेचे कामकाज नियंत्रित करणे हे आंबेडकरांचे काम नव्हे, असे उत्तर कामतांनी दिले. पुढे कमलापती त्रिपाठी देशाचा गौरव गाऊ लागले, तेव्हाही आंबेडकरांनी पुष्कळ काम बाकी असल्याची आठवण दिली.

आंबेडकरांची घाई समजण्याजोगी होती. ३९५ अनुच्छेदांचे संविधान पुरे करायचे होते. ते स्वीकृत होण्याचा दिवस, २६ नोव्हेंबर, अवघ्या सव्वादोन महिन्यांवर होता. परंतु ज्यांना नावातच देशाचे स्वत्व दिसत होते, त्यांच्या दृष्टीने तो उगमाचा इतिहास हाच मुख्य मुद्दा होता. कामतांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली आणि सभा पुढच्या कामाला लागली. वाद मात्र मिटला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेच्या भोजनाच्या इंग्रजी निमंत्रणावर 'प्रेसिडेंट ऑफ भारत' असे शब्द उमटले आणि चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या ३५६ व्या नियमात या पेचाची जाण दिसते. अप्रस्तुत बोलणाऱ्या किंवा कंटाळवाणी पुनरुक्ती करणाऱ्या सदस्याचे भाषण थांबवण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. परंतु तो पहिल्याच आडवळणाला वापरायचा नाही. सदस्य हट्टाने तेच करीत राहिला, तर आधी सभागृहाचे लक्ष त्याच्या वागण्याकडे वेधायचे आणि मगच त्याला थांबवायचे. आडवाटेला लागलेल्या माणसाला नियमाने एवढी मुदत दिली आहे. त्या मुदतीत ऐकणाऱ्याने एक गोष्ट पडताळून पाहावी: बोलणारा मेंढ्या विसरला आहे, की त्याचे कापडही खरोखरच चोरीला गेले आहे?