'चापाची एक क्रिया' : अमेरिकेतील स्वयंचलित रायफलीचा मालकीहक्क, नेम आणि किंमत

शस्त्रांचा इतिहास सामान्यतः युद्धांच्या अनुषंगाने लिहिला जातो. कोणत्या रणांगणावर कोणते शस्त्र आले, त्याने कोणता डावपेच निकालात काढला, याचा हिशेब तेथे मांडलेला असतो. परंतु ज्या देशात लष्करी शस्त्र खाजगी नागरिकाच्या मालकीचेही होऊ शकते, त्या देशात शस्त्राचा आणखी एक इतिहास घडतो. तो कायद्याच्या शब्दांत, नोंदवह्यांत आणि बाजारभावांत सापडतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पूर्णतः स्वयंचलित रायफलीचा इतिहास हा या दुसऱ्या प्रकारचा होय. अशी रायफल कोणाला बाळगता येते, तिला किती पैसे पडतात आणि तिचा नेम कितपत लागतो, हे तीन प्रश्न वरवर पाहता स्वतंत्र वाटतात. वस्तुतः ते एकाच व्याख्येभोवती गुंफलेले आहेत, हे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'स्वयंचलित' या विशेषणात दोन भिन्न अर्थ एकत्र नांदतात. गोळी झाडल्यावर रिकामे काडतूस बाहेर टाकून पुढचे काडतूस नळीत आपोआप भरणारे शस्त्र, हा एक अर्थ. चाप दाबून ठेवला असता गोळ्यामागून गोळ्या आपोआप झाडीत राहणारे शस्त्र, हा दुसरा. पहिल्यात केवळ भरणे आपोआप होते. दुसऱ्यात भरणे आणि झाडणे या दोन्ही क्रिया आपोआप होतात. इंग्रजी व्यवहारात हा भेद प्रारंभी पाळला गेला नाही. अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल 'ऑटोमॅटिक' म्हणूनच ओळखले जाई, जरी त्याच्या चापाच्या एका ओढीत एकच गोळी सुटत असे. आपल्याकडे लष्करात व पोलिसांत दीर्घकाळ वापरली गेलेली 'एस. एल. आर.' ही रायफल मात्र नावानेच प्रामाणिक होती : 'सेल्फ लोडिंग', म्हणजे स्वतः भरणारी, एवढाच तिचा दावा होता. पुढील विवेचनात 'स्वयंचलित' हा शब्द केवळ दुसऱ्या अर्थाने योजिला आहे.

हायरम मॅक्सिम याने १८८० नंतरच्या दशकात गोळीच्या धक्क्याचाच उपयोग करून अखंड मारा करणारी तोफवजा बंदूक सिद्ध केली. परंतु ती तिकाटण्यावर किंवा गाड्यावर बसवावी लागे. एका माणसाच्या हाती मावेल अशी स्वयंचलित रायफल होण्यास पहिले महायुद्ध उजाडावे लागले. रशियात फ्योदोरोव्ह याने जपानी बनावटीच्या ६.५ मिलिमीटर काडतुसावर चालणारी रायफल तयार केली. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग याची स्वयंचलित रायफल १९१८ साली सैन्यात आली. ब्राउनिंगच्या रायफलीचे वजन सात किलोग्रॅमच्या आसपास होते आणि तिच्या मॅगझीनमध्ये २० काडतुसे मावत. युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, टॉमसन सबमशीनगन बाजारात आली. ती पिस्तुलाचे काडतूस वापरीत असल्याने तांत्रिक दृष्ट्या रायफल नव्हे. परंतु पुढील कायद्याचे निमित्त तीच झाली. तिची किंमत सुमारे २०० डॉलर होती, आणि ती खरेदी करण्यास संघराज्याच्या कोणत्याही परवान्याची आवश्यकता नव्हती.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागो येथे दारूच्या चोरट्या व्यापारातील टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभे करून ठार करण्यात आले. त्यात दोन टॉमसन बंदुका वापरल्या गेल्या. क्लाइड बॅरो याने तर ब्राउनिंगच्या स्वयंचलित रायफली राज्यरक्षक दलाच्या शस्त्रागारांतून चोरून वापरल्या. या पार्श्वभूमीवर १९३४ चा राष्ट्रीय शस्त्र अधिनियम आला. २६ जून १९३४ रोजी त्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांची स्वाक्षरी झाली. संघराज्याला शस्त्रांवर सरळ बंदी घालण्याचा अधिकार आहे की नाही, याविषयी त्या काळी शंका होती. म्हणून कायद्याने करआकारणीचा मार्ग धरला : प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर कर आणि प्रत्येक शस्त्राची नोंदणी. म्हणजे कर जवळजवळ वस्तूच्या किमतीइतकाच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ साली सॉन्झिन्स्की खटल्यात ही करआकारणी वैध ठरविली. करामुळे व्यवहारावर नियंत्रण येते एवढ्याने तो कर नाहीसा होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या कायद्याच्या मसुद्याचा इतिहास भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मूळ विधेयकात मशीनगनची व्याख्या संख्येवर आधारलेली होती : पुन्हा न भरता बारा किंवा अधिक गोळ्या स्वयंचलित वा अर्धस्वयंचलित रीतीने झाडणारे शस्त्र. समितीपुढील साक्षीत राष्ट्रीय रायफल संघाचे तत्कालीन अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी या व्याख्येला हरकत घेतली. मशीनगनचे व्यवच्छेदक लक्षण गोळ्यांची संख्या हे नसून, चाप एकदा ओढल्यावर साठा असेतो मारा चालू राहणे हे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी सुचविलेला 'चापाच्या एका क्रियेने' हा शब्दप्रयोग थोड्याफार फरकाने कायद्यात आला. १९६८ च्या दुरुस्तीत व्याख्येतील 'अर्धस्वयंचलित' हा शब्द गळाला, परंतु चापाची ती एक क्रिया तशीच राहिली. मोजता येणारे लक्षण जाऊन त्याच्या जागी क्रियेचे लक्षण आले. क्रियेला कर्ता असतो आणि करणही असते. येथे क्रिया चापाची की बोटाची, हा प्रश्न १९३४ साली कोणी विचारला नाही. तो ऐंशी वर्षांनी उभा राहावयाचा होता.

आता नेमाकडे वळू. स्वयंचलित मारा अधिक घातक, म्हणून अधिक अचूकही असला पाहिजे, असा एक भाबडा समज असतो. गणित त्याच्या उलट सांगते. बंदुकीची नळी एका अंशाने वर उचलली गेली, तर १०० मीटरवर गोळी सुमारे पावणेदोन मीटर वर जाते. म्हणजे छातीवर धरलेला नेम डोक्यावरून निघून जातो. मिनिटाला ७०० गोळ्या या वेगाने दोन गोळ्यांमधील अंतर सेकंदाच्या बाराव्या हिश्श्याइतके असते. धक्का जाणवून तो सावरण्यास माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्या अवकाशात आणखी दोन गोळ्या निघून गेलेल्या असतात. तात्पर्य, पहिली गोळी नेमबाजाची असते. त्यानंतरच्या बव्हंशी यंत्राच्या असतात.

अमेरिकन सैन्याला हा धडा एम-१४ रायफलीने शिकविला. १९५७ साली स्वीकारलेली ही रायफल ७.६२ मिलिमीटरचे पूर्ण शक्तीचे काडतूस वापरी. तिची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटे, आणि त्या मानाने रायफल हलकी होती. स्वयंचलित मारा करताना ती आवरणे इतके दुष्कर ठरले की बहुतेक रायफलींचा निवडखटका एकेरी माऱ्यावरच बंद करून त्या शिपायांच्या हाती देण्यात आल्या. गंमत अशी की, हीच रायफल एकेरी माऱ्यात नेमबाजीच्या स्पर्धांत नावाजली गेली.

तिच्यामागून आलेल्या एम-१६ ची गोळी साडेतीन ग्रॅमची. तिचा वेग सेकंदाला हजार मीटरच्या जवळपास असला तरी संवेग पहिलीच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने धक्का खांद्यात सरळ जातो व नळी कमी उचलली जाते. तरीही व्हिएतनाममधील अनुभवानंतर एम-१६ ए-२ या सुधारित रायफलीत अखंड मारा काढून तीन गोळ्यांची फैर ठेवण्यात आली. आपली इन्सास रायफलही तीन गोळ्यांच्या फैरीची सोय घेऊन आली. पुढे अमेरिकन भूसेनेने एम-४ ए-१ च्या रूपाने अखंड मारा पुन्हा स्वीकारला हे खरे; परंतु त्याचा उपयोग जवळच्या अंतरावर किंवा शत्रूला डोके वर काढू न देण्यासाठी. नेमाने टिपण्याचे काम एकेरी माऱ्याकडेच राहिले. अपरिचित हातात हे शस्त्र काय करू शकते याचे दारुण उदाहरण २०१४ साली ॲरिझोनातील एका नेमबाजी मैदानावर घडले : नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातील उझी धक्क्याने वर फिरली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षकच मृत्युमुखी पडला.

किमतीचा इतिहास याहून विलक्षण आहे. १९३४ सालचा २०० डॉलरचा कर त्या काळी अडसर होता. आजच्या मूल्यात तो साडेचार हजार डॉलरांहून अधिक भरेल. परंतु आकडा कधीच वाढविला गेला नाही, आणि चलनवाढीने तो हळूहळू झिजत गेला. २०२५ साली झालेल्या कायद्याने ध्वनिशामक व आखूड रायफली यांवरील कर २०२६ च्या आरंभापासून शून्यावर आणला. मशीनगनवरील २०० डॉलर मात्र कायम ठेवले. खरा अडसर दुसऱ्याच वाटेने आला. १९६८ च्या कायद्याने खाजगी व्यक्तींसाठी परदेशी मशीनगनची आयात बंद केली. त्यानंतर १९ मे १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी स्वाक्षरी केलेल्या शस्त्रमालक संरक्षण अधिनियमात, न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांच्या दुरुस्तीने एक कलम जोडले गेले : त्या दिवसापूर्वी कायदेशीर रीत्या नोंदलेली नसलेली मशीनगन खाजगी नागरिकाला बाळगता येणार नाही. मालकांच्या संरक्षणार्थ झालेल्या कायद्यानेच नव्या मालकीचे दार लावून घेतले.

परिणामी खाजगी हस्तांतरणास पात्र अशा शस्त्रांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास गोठली. त्यांत भर पडत नाही; मोडतोड व जप्ती यांमुळे घटच होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पुरवठा पूर्णतः अलवचीक झाला. आज बाजारात नवी अर्धस्वयंचलित ए-आर १५ हजार डॉलरांच्या आत मिळते. १९८६ पूर्वी नोंदलेली एम-१६ घ्यावयाची तर तीस हजार डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. दोहोंत पोलादाचा फरक नगण्य आहे. ग्राहक पैसे मोजतो ते नोंदवहीतील एका ओळीसाठी. त्यावर बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची चौकशी आणि २०० डॉलर कर. शिवाय काही राज्यांत इतके करूनही अनुमती नाही. वापराचा खर्च निराळा. मिनिटाला ८०० गोळ्यांच्या वेगाने तीस काडतुसांचे मॅगझीन सव्वादोन सेकंदांत रिते होते. काडतूस अर्ध्या डॉलरचे धरले तर त्या सव्वादोन सेकंदांची किंमत १५ डॉलर. म्हणूनच केंटकी राज्यातील नॉब क्रीक येथे २०२१ पर्यंत भरणाऱ्या मशीनगन मेळ्यांत किंवा लास व्हेगासच्या भाड्याच्या मैदानांत लोक मोजक्या गोळ्या झाडून समाधान मानतात. गुन्हेगाराचे शस्त्र म्हणून ज्यावर कर बसला, ते कायदेशीर बाजारात धनिक संग्राहकाची ठेव होऊन बसले.

दुर्मिळता वाढली की पर्याय शोधले जातात. सरकता दस्ता असलेले 'बंप स्टॉक' नावाचे उपकरण हा तसा पर्याय होता. त्यात रायफल धक्क्याने मागेपुढे सरकते आणि स्थिर बोटावर चाप पुन्हा पुन्हा आदळतो. मारा जवळजवळ मशीनगनच्या वेगाने होतो. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथील संगीतसमारंभावर एका इसमाने अशा रायफलींतून सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. मृतांची संख्या अखेर ६० झाली. गर्दीवर मारा करणाऱ्याला नेमाची आवश्यकता नसते, ही गोष्ट येथे भीषण रीतीने प्रत्ययास आली. डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने नियम काढून अशी उपकरणे मशीनगनच्या व्याख्येत घातली. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गारलँड विरुद्ध कारगिल या खटल्यात तो नियम सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. बहुमताच्या निर्णयात न्यायमूर्ती टॉमस यांनी 'क्रिया' हा शब्द यंत्राच्या अंगाने वाचला : प्रत्येक गोळीमागे चाप पुन्हा पूर्ववत होतो, म्हणून प्रत्येक गोळी ही चापाची स्वतंत्र क्रिया. अल्पमतात न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी तोच शब्द माणसाच्या अंगाने वाचला : झाडणारा एकदाच कृती आरंभितो, पुढील मारा तिच्यातूनच निघतो. १९३४ साली न विचारलेला प्रश्न असा साठ मृत्यूंनंतर विचारला गेला.

येथे भारतीय कायद्याशी तुलना उपयुक्त ठरेल. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात निषिद्ध शस्त्राची व्याख्या निराळ्या पायावर उभी आहे. चापावर दाब दिला असता, तो दाब काढीपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात, ते अग्निशस्त्र निषिद्ध. केंद्र शासनाच्या विशेष अनुमतीवाचून ते बाळगता येत नाही. येथे चापाची 'क्रिया' नसून माणसाचा 'दाब' आहे. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यातही हीच शब्दरचना होती. परंतु तीन गोळ्यांची फैर दाब कायम असतानाच थांबते. ती 'दाब काढीपर्यंत' या शब्दांत नेमकी बसत नाही. ब्रिटनने १९८८ साली शब्द बदलले आणि पुनःपुन्हा दाब न देता लागोपाठ दोन किंवा अधिक गोळ्या सुटणे हे लक्षण मानले. प्रत्येक व्याख्या तिच्या काळच्या यंत्राकडे पाहून घडते आणि पुढचे यंत्र तिच्या फटीतून वाट काढते.

या इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. अचूकतेच्या कसोटीवर स्वयंचलित मारा एकेरी माऱ्याहून उणा ठरतो आणि सैन्यांनी स्वतःच त्याला वारंवार लगाम घातला आहे. त्याचे भय नेमात नसून संख्येत आहे. त्याची आजची किंमत उपयुक्ततेने ठरलेली नसून १९८६ मधील एका दिनांकाने ठरलेली आहे. आणि मालकीची सीमारेषा आखली आहे ती १९३४ च्या साक्षीतून आलेल्या तीन-चार शब्दांनी. कायद्याचे शब्द बदलण्याचे काम विधिमंडळाचे, असे कारगिल खटल्यात सहमतीचे मत देताना न्यायमूर्ती अलिटो यांनीही नमूद केले आहे. भाषेच्या अभ्यासकाला एवढेच सुचविता येईल, की ज्या नामात क्रियेचा कर्ता लोपलेला असतो, त्या नामावर कायदा उभारताना कर्ता स्पष्ट लिहावा. 'क्रिया कोणाची?' हा व्याकरणातील अगदी प्राथमिक प्रश्न आहे. परंतु तो अनुत्तरित ठेवल्याची किंमत केवळ व्याकरणाला द्यावी लागत नाही.